व्यायाम टिकावा कसा?

वर्षारंभी संजीवय्या पार्क आणि नेकलेस रोडवर पहाटे फिरणाऱ्यांची वर्दळ वाढते. एप्रिलचे ऊन तापू लागले की ती ओसरते. व्यायामाचे महत्त्व पटलेले नसते असे नव्हे. खरा प्रश्न आरंभाचा नसून सातत्याचा आहे.

हा प्रश्न आपल्याला किती जवळचा आहे, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच उदाहरणाने दाखविले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांची आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! आनुवंशिकता आणि गर्भावस्थेतील पोषणाबरोबरच जीवनशैलीचाही त्यात वाटा असू शकतो, असे सांगताना लेखकांनी मिस्कीलपणे नोंदविले, की युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचे धावणे मुख्यतः रुग्णालयाची बंद होणारी लिफ्ट गाठण्यापुरते! ही लिफ्ट आपणा सर्वांच्याच परिचयाची आहे. सडपातळ बांधा म्हणजे निरोगी देह, हा समज त्यामुळे सोडावा लागतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत.

मग किती व्यायाम पुरेसा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा. मध्यम श्रम म्हणजे बोलता येते, पण गाता येत नाही, इतपत वेग.

सवय लागण्यास वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा काळ सरासरी ६६ दिवसांचा आढळला. व्यक्तीगणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. म्हणून खाडा पडला तरी खंत न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी.

आरंभ दहा मिनिटांनी करावा आणि तो सकाळच्या चहासारख्या ठरलेल्या गोष्टीला जोडावा. उन्हाळ्यात व पावसात खंड पडू नये म्हणून घरातील पर्याय आधीच योजावा. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हिरिरीने प्रसार केलेल्या सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते. हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. चालताना छातीत दुखल्यास तत्काळ थांबून उपचार घ्यावेत.

डॉक्टर मित्रांना एक विनंती. ‘व्यायाम करा’ एवढे सांगणे म्हणजे मात्रा न लिहिता औषध देणे होय. कोणता व्यायाम, किती मिनिटे, आठवड्यातून किती दिवस, हे चिठ्ठीवर लिहावे आणि पुढील भेटीत आवर्जून विचारावे. अशी एक चिठ्ठी प्रत्येकाने स्वतःच्या नावेही लिहावी.