समुद्रशेवाळ आणि सौंदर्यप्रसाधने

समुद्रशेवाळाची आणि आमची पहिली ओळख समुद्रकाठी झाली नाही. ती कापडछपाईच्या खात्यात झाली. संघटनेच्या कामासाठी आम्ही तेथे जात असू. कामगार रंगाच्या खळीत एक पिवळसर भुकटी कालवीत. पिठाची खळ काही जातींच्या रंगांशी संयोग पावते व रंग वाया जातो. या भुकटीचे तसे होत नाही. नाव विचारले, तर ‘अल्जिनेट’ म्हणाले. ती कशापासून होते हे कोणासच ठाऊक नव्हते. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झालेले. तेथेच कळले की, ती तपकिरी समुद्रशेवाळातून काढतात. पुढे घरात आलेल्या चेहऱ्याच्या लेपाच्या पुडीवर तेच नाव दिसले आणि या विषयाचा नाद लागला.

समुद्रशेवाळाच्या मुख्य जाती तीन : हिरवी, तपकिरी व तांबडी. तपकिरीतून अल्जिनेट निघते. तांबडीतून कॅरागीनन आणि अगर. अगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील चायना ग्रासच. हे तिन्ही पदार्थ म्हणजे शर्करेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या होत आणि त्या पाणी धरून ठेवतात. लाटांच्या माराने न तुटता वाकावे, ओहोटीच्या उन्हात चटकन सुकू नये, ही शक्ती शेवाळाला पुष्कळ अंशी त्यांच्यामुळे येते.

प्रसाधनात त्यांचे काम हेच. क्रीममध्ये तेल व पाणी एकत्र नांदवायचे असते. या साखळ्या मिश्रण दाट करतात, म्हणून ते लवकर फुटत नाही. टूथपेस्ट ब्रशवर उभी राहते, तीही पुष्कळदा कॅरागीननच्या बळावर. त्वचेवर त्यांचा पातळ पापुद्रा बसतो व आतील ओलावा उडण्यास थोडा अटकाव होतो. लेपाच्या पुडीत अल्जिनेटबरोबर चुन्याच्या जातीचा, म्हणजे कॅल्शियमचा क्षार असतो. पाणी पडताच कॅल्शियम साखळ्यांना एकमेकींशी बांधतो व काही मिनिटांत लेप रबरासारखा निघतो. दंतवैद्य दातांचा साचा घेतात, तो याच युक्तीने.

येथपर्यंत सर्व पक्के आहे. यापुढे जाहिरात सुरू होते. शेवाळाच्या अर्काने सुरकुत्या जातात, तारुण्य परत येते, असे सांगतात. तपकिरी शेवाळातील फ्युकॉयडनसारख्या द्रव्यांचे काही गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत, हे खरे. पण काचेच्या बशीतील पेशी वेगळ्या आणि माणसाचा चेहरा वेगळा. एवढे मोठे रेणू त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरणे कठीण. शिवाय शेवाळ पाण्यातील आर्सेनिकसारखी द्रव्येही शोषून घेते. तेव्हा ‘समुद्रातले, म्हणून निर्धोक’ हा न्याय चालत नाही. माल तपासलेलाच हवा.

ग्राहकाने काय करावे? वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. आपल्याकडील 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याखालचे कोणत्याही क्रमाने. डबीवर शेवाळाचे मोठे चित्र आणि यादीत अर्क पार शेपटाला, असे असेल तर आपण बहुधा चित्राचेच पैसे देत आहो.

आणि एक प्रश्न यादीत नसलेल्या घटकाचा. हे शेवाळ काढते कोण? तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर, मन्नारच्या आखातात, बायका बोटांना चिंध्या गुंडाळून बुडी मारतात आणि खडकावरचे शेवाळ हाताने खुडतात. अगर व अल्जिनेट यांच्या कारखान्यांना हा माल जातो. 1986 साली तेथील 21 बेटांभोवती सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि या बायकांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. त्या हात जोडून बसल्या नाहीत. त्यांनी एकी केली, शेवाळ पुन्हा वाढावे म्हणून महिन्यातून बाराच दिवस काढणी करण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले आणि आपला हक्कही मांडला. त्यांच्यातील लक्ष्मी मूर्ती यांना 2015 साली सीकॉलॉजी पारितोषिक मिळाले.

आम्ही आयुष्यभर कामगारांत वावरलो, म्हणून आम्हांस हे विशेष वाटते. जाहिरातीतील चेहऱ्यावरची सुरकुती सर्वांना दिसते. खाऱ्या पाण्यात चिरलेली बोटे कोणास दिसत नाहीत. क्रीम जरूर लावावे. मात्र किंमत देताना तिच्यातील किती वाटा त्या बोटांपर्यंत पोचतो, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.