शेळीच्या लसिकावाहिनीचे अस्तर

करडू पोटभर दूध पिते. त्या दुधातील स्निग्धांशाचे कण रक्तकेशवाहिन्यांच्या भिंतीतून आत शिरण्याइतके लहान नसतात. ते लसिकावाहिन्यांतून जातात. त्या वेळी एरवी नजरेस न पडणाऱ्या या नळ्या आतड्यांभोवतीच्या पातळ पडद्यात दुधाळ दिसू लागतात. १६२२ साली इटलीतील गास्पारे आसेल्ली यांना त्या दिसल्या, त्या नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात. कुत्रा उपाशी असता तर?

जे कण रक्तवाहिनीत शिरत नाहीत ते लसिकावाहिनीत कसे शिरतात? याचे उत्तर तिच्या अस्तरात आहे.

शेळी असो वा माणूस, लसिकाकेशवाहिनीची भिंत म्हणजे चपट्या पेशींचा एकच थर. केंद्रकाजवळ पेशी थोडी फुगीर, इतरत्र मायक्रोमीटरहूनही पातळ. १८६२ साली फोन रेक्लिंगहाउझेन यांनी सिल्व्हर नायट्रेट वापरले, तेव्हा पेशींच्या सीमा काळ्या रेषांनी उठून दिसल्या. या सीमा सरळ नसतात. शेवंतीच्या पानाच्या कडेसारख्या त्या वळणावळणाच्या असतात, आणि एका पेशीची कड शेजारणीवर चढलेली असते. कडा सलग शिवलेल्या नसून सदऱ्याच्या बटणांसारख्या मधूनमधून जोडलेल्या असतात, हे २००७ साली उंदरांवरील अभ्यासात स्पष्ट झाले. दोन बटणांमधली मोकळी कड हीच झडप!

बाहेरून या पेशींना बारीक तंतू बांधलेले असतात, तंबूच्या दोऱ्याच म्हणा ना. ऊतीत द्रव साठला की ऊती फुगते, तंतू ताणले जातात, कडा आत उघडतात आणि द्रव कणांसह शिरतो. आतला दाब वाढला की कड दाबली जाऊन दार मिटते. रक्तकेशवाहिनीभोवती असते तसे अखंड आधारपटलही इथे नसते, त्यामुळे वाट मोकळी.

पुढच्या मोठ्या वाहिन्यांत मात्र पेशींचे सांधे सलग असतात. भोवती अनैच्छिक स्नायू येतात. आत अस्तराच्याच घड्यांच्या झडपा असतात. स्नायू आकसले की लसिका पुढे सरकते, मागे येत नाही.

या झडपांचे मोल हत्तीरोगात कळते. विदर्भात चंद्रपूर, गडचिरोलीकडे हा रोग आढळत आला आहे. डासांमार्फत माणसात शिरलेले कृमी लसिकावाहिन्यांत राहतात, वाहिनी रुंदावते आणि झडपेची पाती एकमेकींना टेकत नाहीत. लसिका पायात साठते. औषधाने रक्तातील कृमींची पिल्ले मरतात. ताणलेली वाहिनी सहसा पूर्ववत होत नाही.