चिप लहान झाली म्हणजे खेळयंत्र वेगवान होते काय?

दूरदर्शन संचास जोडून खेळावयाचे यंत्र, ज्यास गेम कन्सोल म्हणतात, ते आता खेड्यांतील मुलांसही ऐकून किंवा पाहून माहीत झाले आहे. 'नव्या यंत्रातील चिप अधिक लहान आहे, म्हणून ते अधिक वेगाने चालते,' असे मुले एकमेकांस सांगतात आणि त्याच आधारावर वडिलांपाशी हट्ट धरतात. यंत्राची किंमत अनेक हजार रुपये असते. गावात अशा बाबतीत सल्ला विचारावयाचा तर पालक शिक्षकाकडेच येतात. तेव्हा या विधानात खरे किती आणि समजुतीचा भाग किती, हे शिक्षकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्रथम चिप म्हणजे काय ते पाहू. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर कोट्यवधी विजेच्या कळा कोरलेल्या असतात. या कळांस ट्रान्झिस्टर म्हणतात. त्यांच्या उघडझापीतून सर्व आकडेमोड होते. कळांचा लहानपणा नॅनोमीटरमध्ये सांगण्याचा प्रघात आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. मात्र अलीकडील '७ नॅनोमीटर' यांसारखे आकडे हे कळेचे प्रत्यक्ष मोजमाप नसून कारखान्यातील पद्धतीचे केवळ नाव आहे, हेही ध्यानात ठेवावे.

कळ लहान झाली की तिच्या उघडझापीस वीज कमी लागते. वीज कमी म्हणून उष्णताही कमी. शिवाय तेवढ्याच जागेत अधिक कळा मावतात. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, कळा लहान करीत जाताना विजेचा दाबही त्याच प्रमाणात उतरविला, तर उष्णता न वाढविता वेग वाढविता येतो. पुढे सुमारे तीस वर्षे हे बरेचसे खरे ठरले. परंतु २००५ च्या सुमारास विजेचा दाब आणखी उतरविणे कठीण झाले, कारण अतिसूक्ष्म कळा बंद असतानाही त्यांतून वीज पाझरू लागली. तेव्हापासून 'लहान म्हणून आपोआप वेगवान' हा हिशेब उरला नाही. लहानपणामुळे काही बचत हाती येते. ती बचत कशावर खर्च करावयाची, हे यंत्र तयार करणारा ठरवितो.

या प्रश्नाचे उत्तर देणारी एक उत्तम तुलना २०१६ साली आपोआप घडून आली. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ४ हे यंत्र २०१३ मध्ये निघाले. त्याची चिप २८ नॅनोमीटर पद्धतीची होती. २०१६ मध्ये त्याच कंपनीने १६ नॅनोमीटर पद्धतीच्या चिपा घालून दोन यंत्रे काढली. पहिले 'स्लिम'. त्याची चित्रे रेखाटण्याची शक्ती जुन्याएवढीच, म्हणजे सेकंदास सुमारे १.८४ लक्ष कोटी क्रियांची राहिली. परंतु कमाल वीजवापर २५० वॅटवरून १६५ वॅटवर आला आणि यंत्र आटोपशीर झाले. दुसरे 'प्रो'. त्यात चित्रे रेखाटणारे विभाग १८ ऐवजी ३६ ठेवले, त्यांचा वेगही वाढविला. त्यामुळे शक्ती सुमारे ४.२ लक्ष कोटी क्रियांवर गेली, पण कमाल वीजवापरही ३१० वॅट झाला. वर्ष एक, कंपनी एक, चिपेची पद्धत एक, तरी एक यंत्र जुन्याच वेगाचे आणि दुसरे सव्वादोन पट शक्तीचे! यावरून केवळ लहानपणा हे वेगाचे कारण नव्हे, हे सिद्ध होते.

मग जुन्याच वेगाचे यंत्र कंपनी मुद्दाम का काढते? गेम रचणारे लोक एका ठराविक यंत्राचा वेग गृहीत धरून रचना करतात. नवे यंत्र निराळ्या वेगाने चालले, तर जुन्या गेमचा मेळ बिघडण्याचा संभव असतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एक्सबॉक्स ३६० चे उदाहरण येथे मोठे उद्बोधक आहे. २००५ च्या या यंत्राचा मुख्य प्रोसेसर ९० नॅनोमीटर पद्धतीचा असून सेकंदास ३२० कोटी ठोक्यांनी चाले. २०१० च्या आवृत्तीत तो प्रोसेसर व चित्रे रेखाटणारी चिप ही दोन्ही ४५ नॅनोमीटरच्या एकाच तुकड्यावर आली. दोघे इतके जवळ आल्यावर त्यांच्यातील देवाणघेवाण अधिक त्वरेने होऊ शकली असती. ती तशी होऊ नये म्हणून अभियंत्यांनी मध्ये मुद्दाम विलंब लावणारा भाग बसविला! ठोके ३२० कोटीच राहिले. लाभ झाला तो विजेचा व उष्णतेचा. हा लाभ क्षुल्लक नव्हता. आरंभीची अनेक यंत्रे उष्णतेच्या ताणाने नादुरुस्त झाल्यामुळे त्या कंपनीने २००७ मध्ये हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढविली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूस काढली होती.

दुसरी गोष्ट अशी की, प्रोसेसर वेगवान झाला तरी त्यास माहिती पुरविणारी स्मृती तितकीच वेगवान असेल असे नाही. नृसिंहवाडीच्या संगमावर पावसाळ्यात हेच दिसते. कृष्णेचे पात्र दुथडी भरले असता पंचगंगा कितीही जोराने आली तरी तिचे पाणी संगमापाशी तुंबते व मागे पसरते. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांचे महापूर पाहिलेल्या शिरोळ तालुक्यातील विद्यार्थ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. 'प्रो' यंत्राची रेखाटनशक्ती सव्वादोन पट झाली, पण स्मृतीतून माहिती येण्याचा वेग सेकंदास १७६ वरून २१८ गिगाबाइटवर, म्हणजे केवळ सव्वा पटीच्या आसपास गेला. म्हणून प्रत्येक गेम सव्वादोन पट सुधारला, असे झाले नाही.

वेग वाढविण्याचा आणखी एक मार्ग महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्यात एकच अतिवेगवान प्रोसेसर नव्हता. अनेक प्रोसेसर जोडून त्यांच्यात काम वाटून दिले होते. मात्र काम वाटता येण्याजोगे असावे लागते. एकशिक्षकी शाळेत दुसरा शिक्षक आला की वर्ग वाटून घेता येतात, परंतु एकाच मुलाचा हात धरून अक्षर गिरविण्याचे काम दोघांत वाटता येत नाही. आजच्या खेळयंत्रांतही लहान कळांमुळे मिळालेली जागा बहुधा अशा जोड-प्रोसेसरांसाठीच वापरतात.

वर्गात हा विषय पुढील प्रयोगाने शिकवावा. पाच मुलांची रांग करून वाळूची भांडी हातोहात पुढे पाठवावयास सांगावे व दोन मिनिटांत किती भांडी पोहोचली ते मोजावे. नंतर मधल्या एकाच मुलास प्रत्येक भांडे घेतल्यावर पाच अंक मोजून मगच पुढे देण्यास सांगावे. इतर चौघांनी कितीही त्वरा केली तरी एकूण संख्या त्या एकावर अवलंबून राहते, हे मुलांस स्वतःच्या आकड्यांवरून कळेल. ज्या गावास नदीचा घाट आहे तेथे हा प्रयोग पाणी घेऊन घाटावर करू नये, शाळेच्या पटांगणातच करावा. वरच्या वर्गांस पुढील गणित घालावे: पडद्यावर सेकंदास ६० चित्रे दाखवावयाची तर एका चित्रास किती वेळ मिळतो? उत्तर सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद. गेमच सेकंदास ३० चित्रांवर बांधलेला असेल, तर अधिक शक्तीचे यंत्रही त्याहून अधिक चित्रे दाखविणार नाही, हेही येथेच सांगावे.

पालक विचारण्यास आले म्हणजे त्यांस तीन प्रश्न सुचवावेत. नव्या यंत्रात केवळ चिप लहान झाली आहे, की तिचे विभाग व ठोकेही वाढले आहेत? स्मृतीचा वेग वाढला आहे काय? आणि मुलाजवळ असलेले गेम त्या वाढीचा उपयोग करून घेतात काय? तिन्हींची उत्तरे नकारार्थी आल्यास नवे यंत्र वीज कमी खाईल, कदाचित कमी तापेल, परंतु खेळ पूर्वीसारखाच चालेल. जुने यंत्र नीट चालत असता तेवढ्यासाठी घरातील पैसा खर्च करण्याचे कारण नाही. आणि हा निर्णय पालकांनी एकट्याने न घेता मुलास जवळ बसवून, आकडे त्याच्याकडूनच मांडून घेऊन केला, तर हट्टाची जागा विचार घेईल.