हदगावात ब्रुअरी चालेल का? एका व्हॉइस नोटला दिलेलं लांबलचक उत्तर

(हा आपल्या पॉडकास्टच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

इयरफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा.

मागच्या आठवड्यात हदगावच्याच एका पोराची व्हॉइस नोट आली. तो पहिल्यांदा पुण्याला गेला होता, मित्रांनी त्याला एका ब्रुअरीत नेलं. तो म्हणतो, "दादा, तिथं लोक नुसते पीत नव्हते. पत्ते, बोर्ड गेम खेळत होते, एक जण लॅपटॉप घेऊन काम करत होता, पोरी बी निवांत बसल्या होत्या. आपल्याकडं असं काही का नाही? मी हदगावात असली ब्रुअरी टाकली तर चालंल का?"

मी पण हदगावचाच. बीटेक करून पुण्यात कोड लिहितो. त्यामुळं हा प्रश्न माझ्याही डोक्यात येऊन गेलाय. हसून सोडून देण्यासारखा तो नाही, म्हणून आज नीट उत्तर देतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. महाराष्ट्रात बिअरसाठी कायद्यानं वय २१ पूर्ण लागतं आणि कडक दारूसाठी २५. त्याखालच्या मंडळींनी आजचा भाग धंद्याचा अभ्यास म्हणून ऐकावा.

सुरुवात देवळालीपासून

महाराष्ट्रातल्या क्राफ्ट बिअरची गोष्ट सुरू होते २००९ मध्ये, पुण्यात. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी या दोघांनी कोरिंथियन्स हॉटेलात 'डूलाली' सुरू केली. बिअर बनवायला ऑलिव्हर शाउफ नावाचा जर्मन ब्रुअर.

आता 'डूलाली' हे नाव ऐकून कुणाला वाटेल काहीतरी परदेशी आहे. अहो, ते आपल्या नाशिकजवळचं देवळाली! इंग्रजांच्या काळात तिथं लष्कराची मोठी छावणी होती. नोकरी संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथं महिनोन्‌महिने पडून राहायचे. काम नाही, वरून ऊन. काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे येडा झालेला, असा शब्दच तयार झाला. तोच शब्द फिरून पुण्यात पाटीवर आला.

पुढं मुंबईत लोअर परळला ग्रेगरी क्रोइट्श या अमेरिकन माणसानं 'बार्किंग डीअर' काढलं, २०१४ मध्ये पुण्यात 'इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी' आली. नंतर तर पुण्याचं नाव या धंद्यात पक्कंच झालं.

टाकीत नेमकं काय होतं?

इंजिनिअर आहे, त्यामुळं ह्या भागात मला जास्त मजा येते. सोपं करून सांगतो.

बिअरला चार गोष्टी लागतात: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. आई मटकीला मोड आणते ना, तसंच. मोड आले की दाण्यात एन्झाइम तयार होतात. ते भरडलेलं माल्ट ६५ ते ६८ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवलं की स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी गाळून तासभर उकळायचं आणि उकळताना हॉप्स घालायचे. ही एका वेलीची फुलं, कडवटपणा आणि वास त्यांच्यामुळं येतो. मग ते झटकन गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि गॅस सोडतं.

'एल' प्रकारची बिअर १५ ते २२ अंशाला साधारण दोन आठवड्यांत उतरते. 'लागर'ला ८ ते १२ अंश लागतात आणि कित्येक आठवडे. म्हणजे टाकी चोवीस तास गार राहिली पाहिजे. मध्ये चार तास लाईट गेली तर? आपल्याकडं उन्हाळ्यात काय होतं ते मी सांगायला नको. जनरेटर आलाच.

अजून एक. बाहेरून हे काम लई भारी दिसतं, पण ब्रुअरचा दिवस निम्म्याहून जास्त घासण्यात जातो. टाकी, पाईप, नळ, परत टाकी. एक चुकार जंतू शिरला की हजार लिटर नालीत. कोडमध्ये बग आला तर रात्रीतून दुरुस्त करता येतो. आंबलेली बॅच दुरुस्त होत नाही.

मग लोक परत परत का येतात?

बिअर तर वाईन शॉपमध्येही मिळते, आणि स्वस्त मिळते. मग तिप्पट पैसे देऊन लोक ब्रुअरीत का जातात?

पहिलं कारण, बनवणारा समोर दिसतो. काचेपलीकडं टाक्या असतात. "ह्या वेळी कडू जास्त झालीय" असं तुम्ही म्हणता आणि ऐकणारा माणूस तीच बनवणारा असतो. दुसरं, डूलालीसारख्या ठिकाणी मुद्दाम बोर्ड गेम ठेवले. एक गेम दोन तास चालतो. माणूस दोन तास बसला की शेजारच्या टेबलाशी ओळख होते. तिसरं, छोटी बॅच. या आठवड्यात जे आहे ते पुढच्या आठवड्यात असेलच असं नाही, त्यामुळं लोक विचारत राहतात.

ह्याचंच एक मस्त उदाहरण म्हणजे पुण्याची 'मूनशाइन मीडरी'. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास या दोघांची. ते मध आंबवून 'मीड' बनवतात. मीड हा जगातल्या सगळ्यात जुन्या पेयांपैकी एक, पण आपल्या एक्साइजच्या नियमांत त्याचा रकानाच नव्हता! आधी सरकारला हे काय आहे ते पटवायचं, मग धंदा. त्यांनी छोट्या बॅचेसचे प्रयोग बाजारात आणले, लोकांच्या प्रतिक्रिया घेतल्या, मधमाशीपालनात पण उतरले. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला बीटा रिलीज म्हणतो, तेच हे.

म्हणजे सूत्र असं: बनवणारा दिसू दे, ग्राहकाला बोलू दे, आणि कच्चा माल देणाऱ्याला गोष्टीत जागा दे. ह्या तीन गोष्टी जमल्या की गिऱ्हाईकाची मंडळी होते.

आता मराठवाड्याचा हिशेब

इथवर ऐकून आपला पोरगा खुश झाला असेल. थांब भावा.

पहिला हिशेब पाण्याचा. एक लिटर बिअरला साफसफाई धरून साधारण चार ते सात लिटर पाणी जातं, लहान ब्रुअरीत त्याहून जास्तही. हजार लिटरची एक बॅच म्हणजे अर्धा टँकर.

२०१६ चा एप्रिल आठवतोय? मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, 'जलदूत'. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्याच वेळी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसीत बिअरचे मोठे कारखाने चालू होते. लोकांनी विचारलं, प्यायला पाणी नाही आणि बिअरला आहे? प्रकरण मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि कोर्टानं दारू कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्यानं ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली.

हदगाव तालुक्याला इसापूर धरणाचा कालवा आहे, आपण लातूरइतके कोरडे नाही. पण मे महिन्यात गल्लीत घागरींची रांग असताना बाजूला तुझी टाकी भरत असेल, तर कुठला बोर्ड गेम तुला वाचवणार?

दुसरा हिशेब जास्त अवघड. पुण्यात दारू म्हणजे वीकएंड. आमच्याकडं दारू म्हणजे काय, हे मी घरात पाहिलंय. माझे एक काका, स्वभावानं लाख माणूस. हळदीचे पैसे आले की चार दिवस घरी यायचे नाहीत. काकू दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची आणि पोरांची फी भरायची. काका गेले तेव्हा माझी दहावी चालू होती. घरात कुणी मोठ्यानं रडलं नाही. ती शांतता मला अजून आठवते.

म्हणून 'उभी बाटली, आडवी बाटली' हे मतदान मला खरं कम्युनिटी एंगेजमेंट वाटतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गावातल्या बायकांनी मागणी केली की दारू दुकानासाठी मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे चालू राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. 'एकूण' हा शब्द नीट ऐका. जी बाई मजुरीला गेली, जिला घरच्यांनी येऊ दिलं नाही, तिचं न पडलेलं मतही दुकानाच्याच कामी येतं. एवढं असून गावोगावच्या बायकांनी ही मतदानं जिंकलीत.

ब्रुअरीवाले म्हणतील, आमचा माणूस दोन ग्लास पिऊन घरी जातो, देशीचा गुत्ता वेगळा. वेगळा आहे, मान्य. एका ग्लासला तीनशेच्या पुढं मोजणारा माणूस वेगळाच असतो. पण मग हदगावात रोज तेवढे मोजणारे किती? आणि दर कमी केला की तू त्याच गुत्त्याच्या शेजारी जाऊन बसलास. मधली जागा मला तरी दिसत नाही.

मग उत्तर काय?

माझं उत्तर: ब्रुअरी नको टाकू. पण पुण्यात तुला जे आवडलं ते मात्र आण.

तुला आवडलं काय होतं, ते तुझ्याच व्हॉइस नोटमध्ये आहे. बिअरच्या चवीबद्दल तू एक शब्द बोलला नाहीस. निवांत बसायची जागा, पोरी बी बसू शकतात अशी, हे तू बोललास.

आणि असलं काही आपल्याकडं नाहीच असं नाही. हुरडा आठवून बघ. थंडीत रानात आगटी पेटते, ज्वारीची कणसं भाजतात, कुणी चोळतं, कुणी चटणी वाटतं. बनवणारा समोर, माल रानातला, सीझन संपला की संपलं. आजी, पोरं, पाहुणे सगळे एका गोलात. ब्रुअरीवाल्यांनी लाखो रुपये घालून जे उभं केलं, ते आपले आजोबा चार गोवऱ्यांवर करत होते. पुण्या-मुंबईच्या आसपास हुरडा पार्टीचे पैसे घेतात आणि लोक आनंदानं देतात.

हुरडा दोन महिन्यांचा. बाकीचे दहा महिने? तिथं तुझं डोकं लागू दे. एखादी खोली, चांगला चहा, कॅरम, चार पुस्तकं, वायफाय, आणि संध्याकाळी सातनंतर सुद्धा पोरींना बिनधास्त बसता येईल असा उजेड. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, आणि ते जमलं तर बाकी सगळं जमेल.

माझ्याकडून एक कॅरम बोर्ड नक्की. तू जागा बघ आणि मला कळव.

बाकी मंडळी, तुमच्या गावात अशी बसायची जागा आहे का? कोण चालवतं? व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाच्या आत बरं का, मागच्या वेळी एकानं अकरा मिनिटं पाठवली होती. पुढच्या भागात त्यातल्या निवडक ऐकू.

चला, भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या.