बर्फाबाहेरची लंगडी

शनिवारी सकाळी पावणेसातला रिंकच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये आम्ही नऊजणी उभ्या असतो. आठ ते चौदा वर्षांच्या आठ मुली, आणि त्रेचाळीसची मी. पायाखाली काळं रबर, स्केट्सच्या पात्यांनी टोचून टोचून चाळणी झालेलं. एका बाजूला चॉकलेटांचं मशीन, दुसऱ्या बाजूला काचेपलीकडे बर्फ, आणि हॉकीच्या पोरांच्या बॅगांचा दर्प. त्याला ओल्या मोज्यांचा वास म्हटलं तर मोज्यांचा अपमान होईल. मिसिसॉगात रिंकांना तोटा नाही, पण बर्फावरच्या प्रत्येक मिनिटाला पैसे पडतात. पॅसेज फुकट आहे. म्हणून उड्या आधी इथे, साध्या बुटांवर.

लेकीला सोडायला यायचं आणि बाकावर कुडकुडत बसायचं, हे मी तीन वर्षं केलं. मग एक दिवस मीच स्केट्स बांधले. आता माझी मजल साल्काव या उडीपर्यंत आली आहे. मी बरेच दिवस ‘साल्चो’ म्हणत होते, लेकीने मैत्रिणींसमोर दुरुस्त केलं. उल्रिख साल्काव हा स्वीडिश स्केटर. ही उडी त्याने १९०९ साली मारली आणि ती त्याच्याच नावाने राहिली.

दोरीवरच्या उड्या, घोटे, मांड्या हे आटोपलं की शिकायची पहिली गोष्ट म्हणजे हवेतला आकार. सगळं वजन उजव्या पायावर, डावा पाय घोट्यापाशी त्याच्यावरून आडवा, मुठी छातीशी, कोपरं आत. गिरकीचा माझा सगळा अनुभव मंगळागौरीच्या फुगडीचा. तिथे मागे झुकून जोडीदारणीच्या हातांवर भार टाकायचा असतो. इथे धरायला कुणी नाही, आणि एक कोपर जरी बाहेर राहिलं तरी गिरकी मंदावते. हा आकार घोटवायला स्पिनर असतो, पावलाएवढी प्लास्टिकची पट्टी, खालून किंचित फुगीर. तिच्यावर एका पायावर उभं राहून स्वतःचा भोवरा करायचा. पहिल्या दिवशी मी थेट चॉकलेटांच्या मशीनच्या कुशीत गेले.

मग उडी. कोच एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगते: आधी वर, मग गोल. ऐकायला सोपं आहे. पण फिरायचंय या भीतीने खांदे आधीच वळतात, आणि वर जायला जोर उरत नाही. माझी उडी लेकीने फोनवर स्लो मोशनमध्ये काढली, सेकंदाला २४० फ्रेम. आम्ही बाकावर बसून मोजल्या: माझे पाय ८४ फ्रेम हवेत होते. म्हणजे ०.३५ सेकंद. उंची काढली तर पंधरा सेंटिमीटर, जिन्याची एक पायरी.

“आई, छान आहे गं,” लेक म्हणाली. असं ती आजीच्या फराळाच्या बिघडलेल्या चकल्यांनाही म्हणते.

तिच्या स्वतःच्या १२० फ्रेम भरल्या, अर्धा सेकंद. गंमत म्हणजे उंची दुप्पट केली तरी हवेतला वेळ दुप्पट होत नाही, दीडपटही होत नाही. साठ सेंटिमीटर उडणाऱ्यालाही ०.७ सेकंदच मिळतो. इलिया मालिनिनने २०२२ मध्ये लेक प्लॅसिडला स्पर्धेतला पहिला क्वाड अ‍ॅक्सल उतरवला तेव्हा एवढ्याशा वेळात त्याने साडेचार फेऱ्या बसवल्या. तो होता सतरा वर्षांचा. आमच्या पॅसेजमधल्या प्रत्येकीला तो व्हिडिओ पाठ आहे.

पण पॅसेजमध्ये शिकता येतं ते एवढं हवेतलंच. उडीच्या अलीकडचं आणि पलीकडचं इथे नसतं. बर्फावर साल्काव मारताना डाव्या पात्याच्या आतल्या कडेवर मागे जात वळण घ्यायचं असतं, आणि त्या वळणातूनच फिरकी मिळते. रबरावर वळण कुठून आणणार? आम्ही चवड्यावर वळून त्याची नक्कल करतो. लुट्झ या उडीत पातं एका बाजूला वळत असतं आणि अंग उलट्या बाजूला फिरवायचं असतं, सगळी कसोटी तिथेच. जमिनीवर लुट्झ आणि फ्लिप या दोन उड्या सख्ख्या जुळ्या बहिणी दिसतात. बुटांचाही फरक आहे. साध्या बुटात घोटा वाकतो, म्हणून उडी उंच जाते. स्केटच्या ताठ चामड्यात तोच घोटा जखडलेला असतो. त्यामुळे पॅसेजमध्ये दोन फेऱ्या मारणारी मुलगी बर्फावर दीड फेरीत खाली येते आणि रुसते.

उतरणं म्हणजे सरळ लंगडी. उजवा पाय, पाठमोरं, गुडघा वाकलेला, डावा पाय मागे लांब, हात उघडे. बर्फावर उरलेला जोर मागे घसरत निघून जातो. रबरावर तो कुठेच जात नाही, नडगीत शिरतो. शिवाय रबर बूट धरून ठेवतं. फेरी थोडी कमी पडली तर पाऊल जागीच राहतं आणि उरलेली फेरी गुडघा पुरी करतो. माझ्या गुडघ्याने ती एकदा केली. तीन आठवडे मी जिना कठड्याला धरून उतरत होते. तेव्हापासून माझ्या उड्या मोजून बारा, बर्फावरच्या धरून. मुलींच्याही मोजल्या जातात, हाडं वाढीची आहेत म्हणून.

कोच कधीकधी आमच्याकडे पाठ करून उभी राहते आणि नुसतं ऐकते. ‘थप्’ आलं तर टाच आधी टेकली. दोन आवाज आले तर दुसरा पायही लागला. “हेवी,” ती न वळता म्हणते, आणि मी समजते की हे मलाच. चांगली उतरलेली उडी चवड्यावर येते, गुडघा ती गिळतो, आणि ऐकू येतं ते बुटाचं बारीकसं करकरणं.

साडेसातला आम्ही बर्फावर जातो. परवा तिथे तिसऱ्या प्रयत्नाला मी पडले नाही. मागे घसरत गेले, हात उघडे, गार वारा मानेवर, आणि त्या आनंदात कठडा मागे आहे हे विसरून त्यालाच थडकले. मग मी आणि लेक खाली वाकून बर्फ बघायला लागलो. एक वळणदार रेघ येते, संपते. मग मोकळा बर्फ, हातभरही नाही. मग दुसरी रेघ सुरू होते. मधली ती कोरी जागा म्हणजे माझी उडी. मी तिचा फोटो काढणार तेवढ्यात लेकीने दुसऱ्या रेघेच्या सुरुवातीला हातमोज्याचं बोट ठेवलं.

“हे बघ, हूक.”

रेघ सुरू होतानाच किंचित आकड्यासारखी वळलेली होती. पातं टेकल्यावर मी उरलेली फेरी बर्फावरच पुरी केली होती.

“पाव फेरी कमी आहे, आई. बारातल्या किती उरल्यात?”

“चार.”

पात्यांना गार्ड चढवून आम्ही पॅसेजमध्ये आलो आणि मी बूट बदलायला बसले.