पक्ष असले म्हणजे पक्षी झाला काय?

शब्दाची व्युत्पत्ति कळली म्हणजे वस्तूचें ज्ञान झालें, असा समज संस्कृत शिकलेल्या आम्हां शिक्षकांत फार दृढ असतो. त्या समजापायीं आमच्या हातून एकदां एका मुलावर अन्याय झाला. ती गोष्ट आरंभींच सांगतों. कारण पुढील विवेचन तिच्यांतूनच निघालें आहे.

आम्ही परगांवीं एका शाळेंत नोकरीस होतों. वर्गांत प्राण्यांचा धडा चालला असतां वटवाघूळ पक्ष्यांत गणावें कीं पशूंत, असा प्रश्न निघाला. ‘ज्यास पक्ष आहेत तो पक्षी, वटवाघुळास पक्ष आहेत, सबब तें पक्षी होय,’ असें आम्हीं मोठ्या ऐटींत सांगून टाकिलें. तोंच मागील बाकावरचा एक गुराख्याचा मुलगा उठून म्हणाला, ‘गुरुजी, वडाखाली वागूळ पडलं होतं. त्याच्या छातीला पिल्लू पीत होतं. म्या पाहिलं.’ वर्ग हंसला, आणि उलट उत्तर केलें म्हणून आम्हीं त्यास तास संपेपर्यंत उभें केलें. त्याचें म्हणणें खरें होतें, हें आम्हांस कित्येक वर्षांनीं, प्राणिशास्त्राचें एक पुस्तक वाचतांना उमगलें. तोंवर तो शाळा सोडून गेला होता.

आपल्या पूर्वसूरींनीं प्राण्यांचे भेद मुख्यतः जन्मावरून केले. छांदोग्य उपनिषदांत अंडज, जीवज व उद्भिज्ज असे तीन प्रकार आहेत; मनुस्मृतींत स्वेदज हा आणखी एक येतो. ही विभागणी निरर्थक नव्हे. परंतु तींत मासा, साप व मोर हे एकाच अंडज वर्गांत बसतात. आधुनिक शास्त्र जन्माबरोबर शरीराची रचनाही पाहतें. ज्यांस पाठीचा कणा आहे ते पृष्ठवंशी. विंचू, गोगलगाय व गांडूळ यांस कणा नाहीं. सापास मात्र आहे, व त्यांत दोनशेंहून अधिक मणके असतात. पृष्ठवंशीयांचे मुख्य वर्ग पांच मानण्याचा पाठ आहे. निवृत्तीनंतर आम्ही आमच्या शिरड शहापुरास राहतों. येथें या पांचांची ओळख करून घेण्यास पदरमोड करावी लागत नाहीं.

पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्या पाण्यांत मत्स्यवर्ग पाहावा. कल्ल्यांनीं श्वास, परांनीं पोहणें आणि दोन कप्प्यांचें हृदय, हीं त्याचीं लक्षणें. वाम दिसतो सापासारखा. पण कल्ले व पर असल्यामुळें तो मासाच.

मृगाचा पाऊस पडला कीं विहिरीकांठीं बेडूक ओरडूं लागतात. हे उभयचर. यांच्या अंड्यांस कवच नसतें. पिलूं प्रथम शेपटी हालवीत कल्ल्यांनीं श्वास घेतें. पुढें त्यास पाय फुटतात व फुप्फुसें येतात. कातडी नेहमीं ओलसर. एकाच जन्मांत दोन जन्म!

भिंतीवरची पाल, कुंपणावरचा सरडा, कासव, साप व सुसर हे सरीसृप. कातडी कोरडी व खवल्यांची. कासव पाण्यांत राहिलें तरी अंडीं घालावयास कांठावर येतें. घोणस मात्र अंडीं न घालतां पिलेंच प्रसवते. तरी ती पिलांस दूध पाजीत नाहीं, म्हणून ती सरीसृपच. केवळ जन्मावरून निर्णय करणारा येथें फसतो.

पक्ष्याची खरी खूण पंख नसून पिसें होत. शहामृगास उडतां येत नाहीं, पण पिसें आहेत. चोंच, चार कप्प्यांचें हृदय आणि शरीराची ऊब स्वतः राखण्याची शक्ति हीं इतर लक्षणें. पक्षी हे डायनोसॉरांचे वंशज असून, सुसरीचें नातें पालीपेक्षां पक्ष्याशीं जवळचें, असें आतां शास्त्रज्ञ मानतात.

शेवटचा वर्ग सस्तनांचा. अंगावर केस आणि पिलांस दूध, ह्या त्याच्या दोन खुणा. ऑस्ट्रेलियांतील प्लॅटिपस अंडीं घालतो, तरी त्याची मादी दूध पाजते. म्हणून तो सस्तन. जिराफाच्या लांब मानेंत व उंदराच्या इवल्याशा मानेंतही मणके सातच. स्वीडनच्या लिनिअसनें १७५८ सालीं देवमाशास माशांतून काढून याच वर्गांत बसविलें, आणि वटवाघुळास तर माणूस व वानर यांच्या गणांत घातलें! पुढें तो गण बदलला, वर्ग मात्र कायम राहिला. कारण वटवाघुळाचा पंख हा वस्तुतः हातच आहे. लांबलेल्या बोटांमध्यें कातडीचा पडदा ताणलेला. पीस एकही नाहीं. अंगावर केस आहेत, आणि पिलूं आईच्या छातीशीं बिलगून दूध पितें.

म्हणजे आमचा शब्द बरोबर होता, पण पदार्थ चुकला. पक्ष पाहून आम्ही थांबलों. मुलानें छाती पाहिली होती. वाचकांच्या घरीं नातवंडें असे प्रश्न विचारतील, तेव्हां कोश उघडण्यापूर्वीं त्यांनीं काय पाहिलें तें विचारून घ्यावें. (पडलेलें वटवाघूळ मात्र त्यांस हातीं घेऊं देऊं नये, त्यापासून रोग जडण्याचें भय असतें.)

तो मुलगा आज कोठें आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं. सांजवेळीं देवळामागच्या वडावरून वाघळें उडालीं, म्हणजे तो मागील बाकाशीं उभा असलेला दिसतो. आणि ‘बैस बाळ, तुझें उत्तर बरोबर आहे,’ एवढें म्हणावयाचें राहून गेलें, याची रुखरुख लागते.