घटस्फोट कोणत्या काउंटीचा?

अमेरिकेतल्या स्थळाची चौकशी करताना मुलाचं किंवा मुलीचं आधी एक लग्न झालं होतं असं कळलं, की इथल्या आईवडिलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ते रीतसर मोडलंय ना, आणि हे बघायचं कुठे? एवढा संगणकांचा देश, कुठेतरी नाव टाकलं की उत्तर येत असेल, अशी त्यांची समजूत असते. तसं काही नाही. अमेरिकेत घटस्फोटांची राष्ट्रीय नोंदवही नाही. केंद्रीय न्यायालयांतले खटले शोधायला ‘पेसर’ नावाची यंत्रणा आहे, पण तिच्यात घटस्फोट सापडत नाहीत, कारण ती न्यायालयं घटस्फोट देतच नाहीत. लग्न लावणं आणि मोडणं हा तिथे राज्यांचा विषय, आणि राज्यांनी तो काउंटीतल्या कोर्टाकडे दिलेला. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, काही ठिकाणी जेमतेम तालुक्याएवढा. अशा काउंट्या तीन हजारांहून अधिक आहेत. तेव्हा घटस्फोट झाला का, हे विचारण्याआधी तो कोणत्या काउंटीत झाला हे विचारावं लागतं.

त्यात कोर्टाचं नाव राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्ट, टेक्ससमध्ये डिस्ट्रिक्ट कोर्ट, इलिनॉयमध्ये सर्किट कोर्ट, ओहायोत कोर्ट ऑफ कॉमन प्लीज. न्यूयॉर्कमध्ये तर घटस्फोट ‘सुप्रीम कोर्टा’त होतो. तिथलं सुप्रीम कोर्ट हे दावा पहिल्यांदा ऐकणारं कोर्ट आहे, राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टाला कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात. ‘माझी केस सुप्रीम कोर्टात आहे’ असं क्वीन्समध्ये राहणाऱ्या भाचीने फोनवर सांगितलं, तर पुण्यातल्या मामाच्या पोटात गोळा येणारच.

घटस्फोट मागायला आधी त्या राज्याचं रहिवासी असावं लागतं, आणि किती दिवस राहिलं की माणूस तिथला रहिवासी ठरतो, हेही ज्या त्या राज्याने ठरवलं आहे. कॅलिफोर्नियात राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने काढलेले असावे लागतात. टेक्ससमध्ये सहा महिने आणि नव्वद दिवस. न्यू जर्सीत बहुतेक कारणांसाठी अख्खं वर्ष. नेवाडात मात्र सहा आठवडे पुरतात, आणि या सहा आठवड्यांमागे एक मोठा धंदा होता.

न्यूयॉर्कमध्ये १९६६ साली कायदा बदलेपर्यंत घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण चाले. ज्यांच्याकडे पैसे होते ते दुसऱ्या राज्याची वाट धरत. नेवाडाने हे गिऱ्हाईक बरोबर ओळखलं. सहा महिन्यांची अट १९२७ मध्ये तीन महिन्यांवर आणली, आणि १९ मार्च १९३१ रोजी गव्हर्नर फ्रेड बाल्झर यांनी एकाच दिवशी दोन कायद्यांवर सह्या केल्या. एकाने जुगार कायदेशीर झाला, दुसऱ्याने घटस्फोटासाठीचा रहिवास सहा आठवड्यांवर आला. महामंदीत राज्याची तिजोरी भरायची होती, दुसरं काय! वॉशो काउंटीचं कोर्ट रेनो गावात आहे. आगगाड्या भरून माणसं, त्यातही बायका, तिथे उतरू लागल्या. त्यांच्यासाठी खानावळी निघाल्या, आसपासच्या गुराढोरांच्या रँचवाल्यांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. सहा आठवडे भरले की घरमालकीण किंवा रँचवाला कोर्टात साक्षीला उभा राहायचा: या बाईंना मी रोज पाहत होतो, त्या राज्याबाहेर गेल्या नाहीत. सुनावणी काही मिनिटांत आटपायची. निकाल घेऊन बाहेर पडलेल्या बायका कोर्टाच्या खांबांचं चुंबन घेतात आणि जवळच्या पुलावरून ट्रकी नदीत अंगठी भिरकावतात, अशी आख्यायिकाही रेनोने जोपासली. त्या दशकात या एका काउंटीने तीस हजारांवर घटस्फोट दिले. आजही खापरपणजीच्या घटस्फोटाची नोंद गावात मिळत नसेल, तर वंशावळ शोधणारे अमेरिकन लोक वॉशो काउंटीच्या कोर्टाला लिहून बघतात. (त्याच १९३१ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांताला त्यासाठी १९४७ उजाडावं लागलं.)

पण सहा आठवडे खोलीचं भाडं भरलं म्हणून माणूस खरोखर तिथला होतो का? हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नॉर्थ कॅरोलायनातला एक दुकानदार आणि त्याच्याच दुकानातल्या कारकुनाची बायको १९४० मध्ये लास व्हेगासला गेले, एका मोटेलात सहा आठवडे राहिले, आपापले घटस्फोट घेतले, तिथेच एकमेकांशी लग्न केलं आणि गावी परतले. राज्याने त्यांच्यावर द्विभार्येच्या गुन्ह्याखाली खटला भरला. १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की एका राज्याचा हुकूमनामा दुसऱ्याने मानलाच पाहिजे. खटला पुन्हा चालला, आणि १९४५ मध्ये तेच न्यायालय म्हणालं की मानला पाहिजे हे खरं, पण तिथला रहिवास खरा होता की दाखवण्यापुरता, हे तपासायचा हक्क नॉर्थ कॅरोलायनाला आहे. दोघांची शिक्षा कायम झाली. हा निकाल लक्षात ठेवा, पुढे तिरुपतीपर्यंत त्याचा संबंध येणार आहे.

रेनोचा धंदा बुडवला तो कॅलिफोर्नियाने. दोष कोणाचा हे सिद्ध न करता घटस्फोट देणारा तिथला कायदा १ जानेवारी १९७० पासून लागू झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन स्वतः घटस्फोटित होते. हळूहळू बाकीची राज्यं त्या वाटेने गेली, सगळ्यांत शेवटी न्यूयॉर्क, २०१० साली.

आज कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत किंवा फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्या माणसाचा अर्ज सुरू होतो तो एफएल-१०० या छापील फॉर्मपासून. कारणांच्या रकान्यात दोनच चौकटी असतात: न मिटणारे मतभेद, किंवा निर्णय घेण्याची कायमची कायदेशीर असमर्थता. जवळजवळ सगळे पहिल्या चौकटीत फुली मारतात. मतभेद कसले, हे लिहायला जागाच नाही, आणि मला विचाराल तर या फॉर्मचं सगळ्यांत सभ्य अंग तेच. दाव्याच्या नावातही ‘विरुद्ध’ नसतं, ‘अमुक-तमुक यांच्या विवाहाबाबत’ एवढंच. मात्र वेगळे झाल्याची तारीख विचारलेली असते आणि ती भरताना घाई करू नये, कारण कॅलिफोर्नियात लग्नापासून त्या तारखेपर्यंतची कमाई दोघांची धरली जाते. फॉर्मसोबत ४३५ ते ४५० डॉलर फी. ऐपत नसेल तर फीमाफीचा वेगळा अर्ज करता येतो. काउंटरवरचा कारकून शिक्का मारून केस नंबर देतो, फॉर्म अपुरा असेल तर परत करतो. पण ‘इथे मी काय लिहू?’ या प्रश्नाला उत्तर देत नाही, कायद्याचा सल्ला द्यायला त्याला मनाई आहे. त्यासाठी कोर्टाचं सेल्फ-हेल्प सेंटर असतं. वकील न घेता आलेल्यांना तिथे फुकट मदत मिळते, आणि साध्या प्रकरणात ती पुरते.

अर्जासोबत जोडीदाराला जाणाऱ्या समन्सच्या पाठीमागचा मजकूर बहुतेक जण वाचत नाहीत. तो वाचावा. अर्ज दाखल होऊन समन्स बजावलं गेलं की दोघांवरही काही बंधनं आपोआप येतात: दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या हुकमाशिवाय मुलांना राज्याबाहेर न्यायचं नाही, त्यांचा नवा पासपोर्ट काढायचा नाही, विमा बंद करायचा नाही, मालमत्ता विकायची नाही. ‘जरा आईकडे जाऊन येते’ म्हणून मुलांना घेऊन नाशिकला यायचं, तर हे आडवं येतं. मालमत्तेत भारतातली मालमत्ताही आली. दोघांना जी आर्थिक माहिती शपथेवर द्यावी लागते, तीत पिंपरीतला फ्लॅट, वडिलांबरोबर जॉइंट असलेली एफडी, पीपीएफ आणि लॉकरमधले दागिने लिहायचे असतात.

समन्स स्वतः देता येत नाही. खटल्यात नसलेल्या, अठरा वर्षांवरच्या कुणीतरी ते द्यावं लागतं. उत्तराची मुदत कॅलिफोर्नियात तीस दिवस. टेक्ससचा हिशेब न्यारा: वीस दिवस संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहापर्यंत. उत्तर आलं नाही तर एकतर्फी निकाल मागता येतो. सगळं सुरळीत झालं तरी कॅलिफोर्नियात समन्स मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लग्न मोडत नाही, टेक्ससमध्ये अर्जापासून साठ दिवस थांबावं लागतं. एच-४ व्हिसावर असलेल्या जोडीदाराने हा काळ वाया घालवू नये. अंतिम हुकूमनामा झाला की त्या लग्नावर उभा असलेला व्हिसाचा दर्जाही संपतो. घरात मारहाण असेल तर न्यू जर्सीतली ‘मानवी’ आणि बे एरियातली ‘मैत्री’ या संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी वर्षानुवर्षं काम करत आहेत.

जोडीदार भारतात परतलेला असेल तर टपालाने समन्स पाठवून भागत नाही. परदेशी समन्स बजावण्याच्या हेग करारात भारत आहे, पण टपालाच्या मार्गाला त्याने हरकत नोंदवली आहे. कागद दिल्लीला कायदा मंत्रालयाकडे जातात आणि तिथून स्थानिक कोर्टामार्फत घरी पोचतात. याला कित्येक महिने लागतात. लोक कंटाळून व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतात, आणि पुढे हुकूमनाम्याच्या मुळावर येतं ते तेच.

आता नोंदी. तीन वेगवेगळ्या कागदांना लोक सरसकट ‘घटस्फोटाचं सर्टिफिकेट’ म्हणतात. पहिला, राज्याच्या आरोग्य खात्याचा दाखला: नावं, तारीख, काउंटी, संपलं. दुसरा, न्यायाधीशाची सही असलेला हुकूमनामा, म्हणजे डिक्री. मुलांचा ताबा, पोटगी, वाटणी आणि पूर्वीचं नाव परत घेण्याची परवानगी यातच असते. तिसरं म्हणजे अर्जापासूनची सगळी फाइल. पुन्हा लग्न करायला, ग्रीन कार्डासाठी आधीचं लग्न संपल्याचा पुरावा द्यायला डिक्रीच जवळ असावी. लग्न दहा वर्षं टिकलं असेल तर घटस्फोटित जोडीदाराच्या खात्यावर सोशल सिक्युरिटीचा लाभ मिळू शकतो, तिथेही लग्नाच्या आणि घटस्फोटाच्या तारखांचा पुरावा लागतो.

डिक्री मिळते ती ज्या काउंटीत निकाल झाला तिथल्या कोर्टाच्या क्लार्ककडे. राज्याकडे असतो तो फार तर वरचा दाखला किंवा सूची, आणि तीही अपुरी. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याकडे फक्त १९६२ ते जून १९८४ पर्यंतच्या नोंदी आहेत. फ्लोरिडात जून १९२७ पासूनच्या, टेक्ससमध्ये १९६८ पासूनच्या. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाची फाइल शंभर वर्षं बंद राहते, पक्षकार आणि त्यांचे वकील सोडून कुणालाही कोर्टाच्या हुकमाशिवाय ती बघता येत नाही. त्यामुळे पैसे घेऊन सगळ्या अमेरिकेतले घटस्फोट दोन मिनिटांत शोधून देण्याच्या जाहिराती असतात, त्यांच्या नादी लागू नये. जुन्या नोंदींचं आणखी वेगळं. शिकागोच्या कुक काउंटीतल्या १८७१ च्या आगीआधीच्या नोंदी जळून गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर अनेक राज्यांत घटस्फोट विधिमंडळ देत असे, त्यामुळे तो कोर्टात नव्हे तर त्या वर्षीच्या कायद्यांच्या पुस्तकात सापडतो.

मराठी नावांचा एक खास घोळ होतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टात ते कधी पहिल्या नावाला जोडलेलं, कधी गळालेलं. बाईचं लग्नाआधीचं आडनाव एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर. सूचीत शोधताना दोघांची नावं, दोन्ही आडनावं आणि स्पेलिंगचे सगळे अवतार घालून बघावेत. केस नंबर हाताशी असेल तर यातलं काहीच करावं लागत नाही.

आणि आता तिरुपती. १९७५ मध्ये तिथे लग्न झालेल्या एका जोडप्यातल्या नवऱ्याने मिझुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टातून १९८० मध्ये घटस्फोट मिळवला. नव्वद दिवस तिथे राहतो, असं त्याचं म्हणणं. पत्नीने निषेध नोंदवून उत्तर पाठवलं होतं, ती हजर नव्हती. पुढे त्याने दुसरं लग्न केलं आणि तिने फौजदारी तक्रार केली. प्रकरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयात आलं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी १९९१ मध्ये लिहिलेला निकाल आजही अशा प्रत्येक प्रकरणात काढला जातो. तिरुपतीच्या कोर्टात आधी केलेल्या अर्जात याच नवऱ्याने स्वतःला न्यू ऑर्लिन्सचा रहिवासी म्हटलं होतं. नेवाडाच्या त्या मोटेलसारखाच हाही रहिवास कागदापुरता. शिवाय ‘लग्न सावरण्यापलीकडे मोडलंय’ हे मिझुरीतलं कारण हिंदू विवाह कायद्यात नव्हतं, अजूनही नाही. हुकूमनामा भारतात अमान्य ठरला, फौजदारी खटला पुढे चालवायला सांगितलं गेलं.

या निकालातला कागदाचा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. नवऱ्याने दाखल केलेल्या झेरॉक्स प्रतीवर डेप्युटी क्लार्कचा शिक्का होता. न्यायालय म्हणालं, ती झेरॉक्स आहे म्हणून अडत नाही, त्या अधिकाऱ्याने ती रीतसर प्रमाणित केली आहे. अडतं ते अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं साक्षांकन त्यावर नाही म्हणून. त्यात सेंट लुईस शहर आणि सेंट लुईस काउंटी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. १८७६ मध्ये शहर काउंटीतून फुटून निघालं (तिकडे त्या फुटीलाच ‘मोठा घटस्फोट’ म्हणतात), त्यामुळे कोर्टंही दोन आणि क्लार्कही दोन. पत्ता चुकला की प्रत मिळत नाही.

त्या निकालाने परदेशी हुकूमनामा मान्य होण्याचे रस्तेही सांगितले आहेत. दुसरा पक्ष जिथे कायमचा राहतो तिथे दावा असावा आणि कारण आपल्या विवाह कायद्यात बसणारं असावं. किंवा त्याने आपखुशीने हजर राहून अशाच कारणावर दावा लढवावा. किंवा त्याने घटस्फोटाला संमती द्यावी. अमेरिकेत दोघं राहत असाल आणि वेगळं व्हायचं दोघांनी ठरवलं असेल, तर एकतर्फी निकालाच्या वाटेला जाऊ नका. दोघांनी सह्या करा, आणि संमती निकालपत्रात स्पष्ट शब्दांत येईल असं बघा. निकालाच्या दिवशीच क्लार्ककडून प्रमाणित प्रती घ्या, दोन तरी. एका प्रतीवर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून अपॉस्टिल करून घ्या. कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून लावलेलं हे प्रमाणपत्र ज्या करारावर चालतं, त्यात भारत २००५ पासून आहे. भारतातल्या कोर्टात ती दाखल करण्याआधी आणखी कुठलं साक्षांकन लागेल हे इथल्या वकिलाला विचारा. आणि काउंटीचं नाव, कोर्टाचं नाव, केस नंबर आणि निकालाची तारीख या चार गोष्टी एका कागदावर लिहून घरच्या कुणाकडे तरी देऊन ठेवा.